दोष कोणाचाच नाही, मग बिल कोणाचे?

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : चूक कोणाची? जखमी माणूस कडेला कण्हत पडलेला असतो आणि भोवती जमलेल्या घोळक्यात न्यायनिवाडा सुरू झालेला असतो. गाडी वेगात होती, नाही, हाच मध्ये आला, अशी उलटसुलट साक्ष निघते. मग कोणीतरी भला माणूस रिक्षा थांबवतो, जखमीला रुग्णालयात नेतो आणि तिथल्या खिडकीवर दुसरा प्रश्न विचारला जातो : पैसे कोण भरणार?

श्रोतेहो, या दोन प्रश्नांमध्ये फार मोठे अंतर आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात मिळते आणि त्याला वर्षे लागतात. दुसऱ्याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. रक्त, टाके, क्ष-किरण, शस्त्रक्रिया यांतले काहीही निकालासाठी थांबत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपासून जगातल्या निरनिराळ्या देशांनी हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. चूक कोणाची हे न विचारता आधी उपचाराचे पैसे द्यायचे, ही ती कल्पना. इंग्रजीत तिला ‘नो-फॉल्ट’ म्हणतात. कल्पना साधी आणि माणुसकीची आहे. पण ती अमलात आली तेव्हा एक नवेच भांडण उभे राहिले, रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातले. आजची ही गोष्ट त्या भांडणाची आहे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इस्लामी न्यायशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, ‘दियत’ नावाची तरतूद आहे. एखाद्याच्या हातून हेतू नसताना, चुकून माणूस मेला, तर मृताच्या वारसांना भरपाई द्यायची. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा बोजा ज्याच्या हातून घडले त्या एकट्याच्या खांद्यावर टाकलेला नाही. त्याच्या ‘आकिला’ने, म्हणजे पित्याकडच्या भाऊबंदांनी मिळून ती रक्कम उभी करायची आणि तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची. पुढे खलिफा उमर यांच्या काळात सैनिकांच्या नोंदवह्या तयार झाल्या आणि त्यांच्या आधारे नंतरच्या हनफी पंडितांनी एकाच नोंदवहीत नाव असलेल्यांनाही एकमेकांचा आकिला मानले. रक्ताचे नाते नसले तरी नाव एका यादीत आहे, एवढे नाते पुरेसे ठरले. आजच्या विमा पॉलिसीशी हे तंतोतंत जुळत नाही, तसा दावाही मी करणार नाही. पण हेतू नसला तरी नुकसान भरून द्यावे लागते आणि ते अनेकांनी वाटून घेता येते, या दोन गोष्टी माणसाला फार पूर्वी उमगल्या होत्या एवढे नक्की.

आधुनिक काळात ही कल्पना कारखान्यातून आली. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८४मध्ये कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. यंत्रात हात गेला तर मालकाची चूक होती की कामगाराची, हा काथ्याकूट न करता उपचार आणि भरपाई द्यायची, असे ठरले. ब्रिटनमध्ये १८९७ साली याच वाटेने जाणारा कायदा आला आणि हिंदुस्थानात १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. ज्या देशात रस्त्यावरच्या अपघातासाठी निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागत होता, त्याच देशात कारखान्यातल्या अपघातासाठी तो सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती.

मग मोटारी वाढल्या. अमेरिकेत तर त्या घरोघरी आल्या. कारखान्यात जे चालते ते रस्त्यावर का चालू नये, असा प्रश्न कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने १९३२मध्येच विचारला होता. तो तेव्हा कोणी मनावर घेतला नाही. १९६५ साली रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओकॉनेल या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी एक पुस्तक लिहून पूर्ण आराखडाच मांडला. प्रत्येकाने आपल्या गाडीसोबत स्वतःसाठी विमा घ्यायचा. अपघात झाला की चूक कोणाचीही असो, ज्याच्या-त्याच्या विमा कंपनीने उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग लगेच द्यायचा. त्या बदल्यात किरकोळ दुखापतीसाठी समोरच्यावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याने जी पाहणी केली, तिच्यात जुन्या पद्धतीचे पितळ उघडे पडले. गंभीर जखमी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांच्या पदरात त्या पद्धतीतून काही ना काही पडत होते. बाकीच्यांच्या वाट्याला काहीच नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी १९७१पासून हा कायदा लागू केला. मायकेल डुकाकिस हे तेव्हा तिथले तरुण आमदार त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते. पुढे १९८८मध्ये ते अध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि हरले, म्हणून आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ते नाव आठवत असेल. मिशिगनमध्ये १ ऑक्टोबर १९७३ला आणि न्यूयॉर्कमध्ये १ फेब्रुवारी १९७४ला असाच कायदा सुरू झाला. त्याच वर्षी १ एप्रिलला न्यूझीलंडने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७मध्ये सुचवल्याप्रमाणे सर्व प्रकारच्या अपघातांसाठी एकच सरकारी निधी उभा राहिला आणि दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क जवळजवळ संपुष्टात आला.

आता भांडण कुठे सुरू झाले ते बघू. न्यूयॉर्कच्या कायद्यात प्रत्येक जखमीसाठी ५० हजार डॉलरपर्यंत मूळ संरक्षण आहे. कायद्याप्रमाणे हा पैसा जखमी माणसाचा. पण रुग्ण खाटेवर असताना त्याने बिले भरायची, पावत्या जमवायच्या आणि मग कंपनीकडे मागायच्या, हे व्यवहारात बसत नाही. म्हणून रुग्णालये दाखल करतानाच एका कागदावर सही घेऊ लागली : माझा विम्याचा हक्क मी या रुग्णालयाच्या नावे करून देत आहे. त्या सहीबरोबर रुग्ण बाजूला झाला आणि रुग्णालय व विमा कंपनी समोरासमोर आले.

या दोघांमध्ये कायद्याने एक घड्याळ ठेवले. बिल आणि त्याचा पुरावा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यावेत किंवा कारण देऊन नाकारावे. काही शंका असेल तर ठरलेल्या मुदतीत माहिती मागवावी. ती येईपर्यंत घड्याळ थांबते. मुदत टळली तर थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के व्याज आणि वर समोरच्या वकिलाची फी. दरमहा २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. आपल्याकडचा सावकारही हा दर ऐकून मान डोलावेल. हेतू उघड होता : कंपनीला उशीर परवडू नये.

पण घड्याळ आले की घड्याळावरून भांडण येणारच. ३० दिवस उलटून गेल्यावर कंपनीला नकाराचे अगदी खरे, सबळ कारण सापडले तर? १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल विरुद्ध मेरीलँड कॅज्युअल्टी हा खटला आला. जखमी माणूस दारू पिऊन गाडी चालवत होता, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या काळी कायद्याप्रमाणे अशा चालकाला संरक्षण नाकारता येत असे. पण कंपनीने नकार वेळेत कळवला नव्हता. न्यायालय म्हणाले, वेळ गेली, आता कारण सांगता येणार नाही. बिल भरा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात मात्र याच न्यायालयाने एक दार उघडे ठेवले. दुखापत मुळात त्या अपघातातून झालेलीच नाही, असा आक्षेप असेल तर तो उशिरानेही घेता येईल. कारण जिथे विम्याचे संरक्षणच नाही, तिथे ते केवळ उशीर झाला म्हणून निर्माण होत नाही.

या दोन निकालांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत पुढची कित्येक वर्षे वकिलांची फौज उभी राहिली. २००७मध्ये प्रश्न आला तो त्या सहीच्या कागदाचा. रुग्णालयाने अर्जावर सहीऐवजी ‘सही दफ्तरी आहे’ एवढेच लिहिले होते. कंपनीने हरकत घेतली, पण उशिरा. न्यायालयाने ती फेटाळली. २००८मध्ये तर कमाल झाली. एका दुकानाने रुग्णाला दिलेल्या वैद्यकीय साहित्याचे बिल कंपनीला पाठवले. रुग्ण म्हणाला, मला हे साहित्य मिळालेच नाही. म्हणजे न दिलेल्या वस्तूचे बिल. पण कंपनीने नकार कळवायला जवळजवळ दोन वर्षे लावली होती. न्यायालयाने सांगितले, फसवणुकीचा संशय असेल तर तोही वेळेत सांगा. आता पैसे द्यावे लागतील.

ऐकायला हे विचित्र वाटते. पण त्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. न्यायाधीशांपुढे दोन वाईट गोष्टी होत्या. एक, कधीतरी लबाडाला पैसे मिळणे. दुसरी, कंपन्यांना संशयाच्या नावाखाली प्रत्येक बिल वर्षानुवर्षे लटकवून ठेवण्याची मुभा मिळणे. त्यांनी पहिली पत्करली. वेगाने पैसे मिळणे हाच या कायद्याचा प्राण आहे. तोच गेला तर मग चूक कोणाची हे शोधत बसण्याची जुनी पद्धत काय वाईट होती?

दुसरी बाजूही खोटी नव्हती. जिथे न विचारता पैसे मिळतात तिथे मुंगळे येतातच. न्यूयॉर्कमध्ये अपघात मुद्दाम घडवून आणणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. डॉक्टर नसलेली माणसे एखाद्या डॉक्टरचे नाव कागदावर लावून दवाखाने काढत आणि गरज नसलेल्या तपासण्यांची बिले पाठवत. २००२मध्ये विमा खात्याने नियम कडक केले. अपघाताची खबर देण्याची मुदत ९० दिवसांवरून ३० दिवस आणि बिल पाठवण्याची १८० दिवसांवरून ४५ दिवस केली. डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालय गाठले आणि २००३मध्ये ती हरली. २००५मध्ये न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, डॉक्टरच्या बुरख्याआड दुसऱ्याच कोणी चालवलेल्या दवाखान्याचे बिल विमा कंपनी रोखू शकते. म्हणजे घड्याळ दोन्ही पक्षांना लागू झाले. प्रामाणिक रुग्णालयाची मात्र त्यात ओढाताण झाली. लबाडासाठी घातलेले कुंपण साध्या माणसालाही ओलांडावे लागते.

दारू प्यायलेल्या चालकाचा प्रश्न अखेर कायदेमंडळाने सोडवला. २०११पासून न्यूयॉर्कमध्ये अशा चालकाच्याही तातडीच्या उपचारांचे पैसे विमा कंपनीने रुग्णालयाला द्यायचे आणि नंतर ते दोषी चालकाकडून वसूल करायचे, अशी सोय झाली. डॉक्टर उपचार करताना रुग्णाचे चारित्र्य तपासत नाही, मग त्याचे बिल त्यावर का अवलंबून असावे, हा त्यामागचा न्याय. तो मला पटतो.

मिशिगनची कहाणी वेगळी आहे आणि जास्त बोचरी आहे. त्या राज्याच्या कायद्यात उपचारांच्या खर्चाला कमाल मर्यादाच नव्हती. मणका मोडलेल्या, मेंदूला मार लागलेल्या माणसाची आयुष्यभराची काळजी विम्यातून व्हायची. पुढे अमेरिकेत इतकी उदार तरतूद दुसऱ्या कुठल्याही राज्यात उरली नाही. पण दर किती, हे कायद्याने ठरवले नव्हते. ‘वाजवी’ एवढाच शब्द होता. वाजवी म्हणजे किती, यावर रुग्णालये आणि कंपन्या जवळजवळ अर्धशतक भांडल्या. वृद्धांच्या सरकारी विम्याकडून, म्हणजे मेडिकेअरकडून, ज्या उपचारांचे जितके पैसे मिळत, त्याच्या कितीतरी पट बिल मोटार विमा कंपनीला लागे. हप्ते वाढत गेले आणि डेट्रॉइटसारख्या गरीब वस्तीच्या शहरात अनेकांनी विम्याविनाच गाड्या चालवायला सुरुवात केली.

२०१७ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात कव्हेनंट मेडिकल सेंटर विरुद्ध स्टेट फार्म हा खटला निकाली निघाला. एका जखमी माणसावर रुग्णालयाने उपचार केले आणि सुमारे ४३ हजार डॉलरचे बिल कंपनीला पाठवले. इकडे कंपनीने त्या माणसाशी ५९ हजार डॉलरवर तडजोड केली आणि आता माझे काही देणे नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले. मग रुग्णालयाला उत्तर दिले : आमचे देणे फिटले. रुग्णालय न्यायालयात गेले. न्यायालयाने २५ मे २०१७ रोजी सांगितले की, या कायद्याखाली रुग्णालयाला कंपनीवर स्वतंत्रपणे दावा लावण्याचा हक्कच नाही. हक्क जखमीचा आहे. त्याआधी कितीतरी वर्षे राज्यातली रुग्णालये असे दावे लावत होती आणि खालची न्यायालये ते चालवून घेत होती. एका निकालाने ती वाट बंद झाली.

याचा अर्थ काय झाला ते पाहा. कायद्याचे शब्द पाहिले तर निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्या रुग्णाला भांडणातून बाजूला काढले होते, तो पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला. कंपनी पैसे देत नसेल तर रुग्णालय आता कोणाकडे बघणार? रुग्णाकडेच. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

दोन वर्षांनी, ३० मे २०१९ला, गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यात रुग्णालयांना थेट दावा लावण्याचा हक्क परत मिळाला. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट आली. अमर्याद संरक्षण सक्तीचे राहिले नाही. लोकांना कमी मर्यादेची पॉलिसी घेण्याची मुभा मिळाली. आणि १ जुलै २०२१पासून दरांना कात्री लागली. मेडिकेअरच्या दराशी बांधलेली कमाल मर्यादा आली. ज्या सेवांसाठी मेडिकेअरचा दरच नाही, त्यांना २०१९च्या दराच्या ५५ टक्केच मिळणार, असे ठरले. अशा सेवा कोणत्या? मुख्यतः घरी येऊन दिवसरात्र केली जाणारी शुश्रूषा. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणे, त्याला भरवणे, त्याच्या श्वासनळीकडे लक्ष ठेवणे. या दरात आम्हाला माणसे ठेवता येत नाहीत, असे म्हणून अनेक शुश्रूषा संस्थांनी रुग्ण सोडले. चाकाच्या खुर्च्यांवरची माणसे राजधानी लॅन्सिंगमध्ये निदर्शनांना आली.

अखेर ३१ जुलै २०२३ रोजी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : नवा कायदा येण्यापूर्वी, म्हणजे ११ जून २०१९च्या आधी जे जखमी झाले, त्यांना ही कात्री लागणार नाही. त्यांनी हप्ते भरले तेव्हा जे वचन दिले होते ते पाळले पाहिजे. त्यानंतर जखमी झालेल्यांना मात्र नवे दर लागू आहेत. एकाच रस्त्यावर, एकाच वळणावर, काही आठवड्यांच्या अंतराने जखमी झालेल्या दोघांच्या नशिबात इतका फरक पडू शकतो.

न्यूझीलंडमध्ये अशी कोर्टबाजी फारशी का झाली नाही? कारण तिथे पैसे देणारा एकच आहे. शेकडो रुग्णालये आणि शेकडो कंपन्या एकमेकांच्या कागदांत चुका शोधत बसल्या नाहीत. १९९९मध्ये तिथल्या सरकारने कामावरच्या अपघातांचा विमा खासगी कंपन्यांना खुला करून पाहिला. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने तो प्रयोग गुंडाळला. सरकारी निधीतही वाद होतात, नकार येतात, अपिले होतात. पण ते जखमी आणि निधी यांच्यात असतात.

आता आपल्याकडे येऊ. भारतात मोटार अपघातासाठी चूक सिद्ध करावी लागणे हा फार काळ नियम होता. १९७७मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ठासून सांगितला. त्यानंतर १९८२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये ताबडतोब द्यायचे, असे कलम आले. रक्कम तुटपुंजी होती, पण पाऊल मोठे होते.

या कलमाची खरी कसोटी आपल्या सातारा जिल्ह्यात लागली. २९ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे राष्ट्रीय महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून कलंडला. पेट्रोल वाहू लागले. गावकरी जमले. काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेल्यांतले अनेक जण होरपळून मेले. टँकर तर आडवा पडून होता, तो चालत नव्हता. मग हा मोटार अपघात कसा, असा बचाव घेतला गेला. खालच्या न्यायाधिकरणाने तो मानला. मुंबई उच्च न्यायालयाने मानला नाही आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गावकऱ्यांच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. रस्त्यावर कलंडून पडलेले वाहन हेही वाहनाच्या वापरात येते, असे न्यायालय म्हणाले. १५ हजारांसाठी या कुटुंबांना चार वर्षे आणि तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि ही तरतूद ‘ताबडतोब’ पैसे मिळावेत म्हणून होती.

रक्कम पुढे वाढली. १९९४मध्ये ती ५० हजार आणि २५ हजार झाली. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या आणि १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या कलमाप्रमाणे चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. पण हा सगळा पैसा वारसाकडे किंवा जखमीकडे जातो आणि तोही नंतर. रुग्णालयाच्या खिडकीवर त्याचा उपयोग नव्हता. १९८९मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरला बजावले की, पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता जखमीचा जीव आधी वाचवा. तो ऐतिहासिक निकाल आहे. मात्र त्या उपचाराचे पैसे कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले नाही. ते उत्तर आपल्याकडे नातेवाइकांनीच दिले आहे, मंगळसूत्र गहाण ठेवून, म्हैस विकून, वर्गणी काढून.

म्हणून मला वाटते की, अमेरिकेत रुग्णालय आणि विमा कंपनी भांडत होत्या ही गोष्ट आपण केवळ हसण्यावारी नेऊ नये. ते भांडण होऊ शकते याचाच अर्थ असा की, तिथे खिडकीपाशी रुग्णाचा भाऊ एकटा उभा नव्हता. आपल्याकडे असे भांडण दिसलेच नाही, कारण बिल आधीच कोणीतरी भरून टाकलेले असे.

आता ते चित्र बदलायला सुरुवात झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला खडसावल्यावर ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित झाली. चूक कोणाची हे न पाहता, योजनेतल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. पैसे मोटार वाहन अपघात निधीतून येणार. धडक देणाऱ्या गाडीचा विमा असेल तर विमा कंपन्यांच्या वर्गणीतून. गाडीला विमा नसेल किंवा ती पळून गेली असेल तर सरकारच्या तिजोरीतून. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, हे ध्यानात घेतले की या योजनेचे मोल कळते.

पण खिडकीवरचा प्रश्न एका अधिसूचनेने मिटत नाही. रुग्णालय आणि विमा कंपनी यांचे बिनसले की काय होते, याचा एक नमुना मुंबईकरांनी पाहिलेला आहे. १ जुलै २०१०ला सरकारी क्षेत्रातल्या चार विमा कंपन्यांनी दरांच्या वादातून मुंबईसह काही महानगरांतल्या अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली. तो अपघाताचा विमा नव्हता, आरोग्य विम्याचा वाद होता. पण हातात कार्ड असलेल्या माणसाला एका रात्रीत डिपॉझिटची जमवाजमव करावी लागली.

न्यूयॉर्क आणि मिशिगनच्या पन्नास वर्षांतून आपल्याला तीन गोष्टी उचलता येतील. पहिली, पैसे देणाऱ्याला मुदत हवी आणि ती चुकली तर खिशाला चटका बसेल असे व्याज हवे. दुसरी, दर आधी ठरलेले हवेत. ‘वाजवी’ या एका शब्दावर सोडले तर मिशिगन होते, आणि हिशेब न पाहता कापले तरीही मिशिगनच होते. तिसरी, वाद कितीही पेटला तरी रुग्णालयाने रुग्णाकडे वळता कामा नये, असे कायद्यात स्वच्छ लिहिलेले हवे. न्यूयॉर्कने पहिल्या गोष्टीची किंमत मोजली, काही लबाडांनाही पैसे देऊन. ती किंमत कमी नाही, पण ती कंपन्यांनी आणि हप्ते भरणाऱ्या सर्वांनी वाटून घेतली. जुन्या आकिल्यासारखी.

आपल्या योजनेतल्या सात दिवसांनंतर आठवा दिवस येतो. डोक्याला मार लागलेला माणूस आठव्या दिवशीही अतिदक्षता विभागातच असतो आणि दीड लाख कदाचित चौथ्याच दिवशी संपलेले असतात. त्या दिवशी बिल कोणाच्या नावाने फाडले जाईल, हे आपण आत्ताच विचारले पाहिजे. कारण तो दिवस उजाडेल तेव्हा विचारण्याच्या मनःस्थितीत त्या घरातले कोणी नसेल.